चहा स्वस्त झाला होता, मग बोस्टनने तो समुद्रात का फेकला?

16 डिसेंबर 1773 च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या 342 पेट्या फोडून समुद्रात ओतल्या गेल्या. शाळेत ही गोष्ट आपण सगळेच वाचतो आणि डोक्यात एक सोपं समीकरण बसतं: इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, लोक चिडले, अमेरिका स्वतंत्र झाली. यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे. त्या वर्षी चहावरचा कर एका पेनीनेही वाढला नव्हता. उलट नव्या कायद्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचा चहा इतका स्वस्त होणार होता, की चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाशी तो टक्कर देऊ शकला असता.

2026 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षं होत आहेत. त्या निमित्ताने 'जुलमी कर' हा शब्द पुन्हा सगळीकडे ऐकू येतो. पण नुसत्या 'जुलमी करा'ने हे भांडण कळत नाही. स्वस्त चहा नाकारणाऱ्या लोकांना नेमकं काय खुपत होतं, हे समजायचं तर तिथला कारभार आधी पाहावा लागतो.

तिजोरीची चावी कोणाकडे होती?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंत ब्रिटनच्या तेरा वसाहती होत्या. प्रत्येक वसाहतीत लोकांनी निवडलेली सभा असे, तिला असेंब्ली म्हणत. व्हर्जिनियात अशी सभा 1619 पासून भरत होती. मतदानाचा अधिकार मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांनाच होता. पण तिथे जमीन मुबलक असल्यामुळे असे पुरुष ब्रिटनच्या मानाने बरेच जास्त होते.

बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजाकडून नेमला जाई. अनेक वसाहतींत त्याचा पगार मात्र असेंब्ली मंजूर करत असे आणि तोही एका वेळी एकाच वर्षाचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे असेंब्लीच्या सभासदांना पक्कं ठाऊक होतं. 1728 मध्ये विल्यम बर्नेट नावाचे गव्हर्नर बोस्टनला आले ते लंडनचा हुकूम घेऊनच: वर्षाला एक हजार पौंड पगार कायमचा बांधून द्या. असेंब्ली म्हणाली, पैसे देतो, पण यंदापुरते. बर्नेट यांनी तिची बैठक बोस्टनहून दुसऱ्या गावी हलवली, सभासदांना ताटकळत ठेवलं. ते बधले नाहीत. 1729 मध्ये बर्नेट वारले तेव्हाही वाद मिटलेला नव्हता आणि पुढे लंडननेच तो विषय सोडून दिला.

पुढच्या सगळ्या संघर्षाचं मूळ मला या पगाराच्या भांडणात दिसतं. कर किती, यापेक्षा तो कोण लावतो आणि त्या पैशावर कोणाचे पगार होतात, हा तिथला खरा प्रश्न होता.

ब्रिटनचे कायदे वसाहतींना लागू नव्हते, असं मात्र नाही. सतराव्या शतकापासून व्यापाराचे कडक नियम होते. माल ब्रिटिश किंवा वसाहतींच्याच जहाजांतून न्यायचा, तंबाखूसारख्या वस्तू आधी ब्रिटनलाच पाठवायच्या, असे ते नियम. 1733 मध्ये परदेशी बेटांवरून येणाऱ्या उसाच्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स शुल्क लागलं. या मळीपासून न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या वसाहतींत, रम बनायची. एवढं शुल्क भरून धंदाच परवडेना, म्हणून व्यापारी सर्रास चोरून माल आणत आणि कस्टमचे अधिकारी काही पैसे घेऊन डोळेझाक करत. लंडनही फारसं लक्ष घालत नव्हतं. अशी दोन-तीन पिढ्यांची घडी बसली होती.

युद्ध जिंकलं, कर्ज उरलं

ही घडी विस्कटली ती 1763 मध्ये. फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध ब्रिटनने जिंकलं, कॅनडा मिळाला, पण राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेलं. सरकारच्या वार्षिक खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा नुसत्या व्याजात जाऊ लागला. त्यातच अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक कायम ठेवायचं ठरलं, त्याचा खर्च वर्षाला दोन लाख पौंडांच्या वर.

पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल हे हिशेबाला पक्के गृहस्थ. अमेरिकेतलं कस्टम खातं जेवढं शुल्क गोळा करतं त्याच्या कितीतरी पट खर्च त्या खात्यावरच होतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांचा प्रश्न साधा होता: युद्ध तुमच्या सीमेवर झालं, सैन्य तुमच्या रक्षणासाठी आहे, मग थोडा भार तुम्ही का उचलू नये?

प्रश्न गैर नव्हता, पण वसाहतींकडेही त्याचं उत्तर होतं. युद्धात त्यांनी आपली माणसं दिली होती, आपल्या असेंब्लींमार्फत कर बसवून पैसाही उभा केला होता. फ्रेंच तर आता गेले होते, मग हे सैन्य कोणासाठी? शिवाय 1763 च्या ऑक्टोबरमध्ये राजाने हुकूम काढला, की ॲपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही. तो मुलूख मूळ रहिवाशांचा होता आणि त्यांच्याशी पुन्हा युद्ध नको म्हणून लंडनने ही रेघ ओढली होती. ज्या जमिनीवर डोळा ठेवून वसाहतवाले लढले, तीच आता बंद झाली. मूळ रहिवाशांच्या बाजूने पाहिलं तर हा हुकूम त्यांना थोडा तरी आधार देणारा होता, हेही इथेच नोंदवायला हवं.

1764 मध्ये मळीवरचं शुल्क सहावरून तीन पेन्सवर आणलं गेलं. म्हणजे कर निम्मा झाला, तरी संताप वाढला, कारण आता तो खरोखर वसूल होणार होता. पकडलेल्या मालाचे खटले नौदलाच्या धर्तीवरच्या न्यायालयात चालवता येणार होते आणि तिथे ज्युरी नसे, राजाने नेमलेला एकटा न्यायाधीश निकाल देई. गावातल्या बारा माणसांसमोर आपली बाजू मांडणं हा इंग्रज माणूस जन्मसिद्ध हक्क मानत होता.

कागदावरचा कर

1765 चा स्टॅम्प ॲक्ट म्हणजे मुद्रांक शुल्काचा कायदा. 1 नोव्हेंबरपासून वसाहतींतला जवळपास प्रत्येक महत्त्वाचा कागद लंडनहून ठसा मारून आलेल्या कागदावरच हवा होता. मृत्युपत्र, जमिनीचा दस्त, कोर्टाचा अर्ज, दारूचा परवाना, जहाजाची कागदपत्रं, सगळं आलं. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धी पेनी आणि त्यातल्या प्रत्येक जाहिरातीला दोन शिलिंग. कॉलेजच्या पदवीपत्राला दोन पौंड. पत्त्यांच्या कॅटला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा. हे पैसे ब्रिटिश चलनात भरायचे होते. तिथे मुळातच नाण्यांची टंचाई होती आणि आदल्याच वर्षी वसाहतींच्या कागदी चलनावर बंधनं आली होती.

ब्रिटनमध्ये असा कर 1694 पासून होता. त्यामुळे आपण काही जगावेगळं करतोय, असं ग्रेनव्हिल यांना वाटलं नाही. पण या कराचा फटका नेमका कोणाला बसला ते पाहा: छापखानेवाले, वकील, व्यापारी, खानावळवाले. गावात बातमी पसरवणारी आणि चारचौघांत बोलणारी सगळी मंडळी एकदम दुखावली गेली. 31 ऑक्टोबरला फिलाडेल्फियाचं 'पेनसिल्व्हेनिया जर्नल' थडग्याच्या दगडासारखी काळी चौकट आणि कवटीचं चित्र छापून निघालं. जिथे सरकारी ठसा यायचा तिथेच त्याने कवटी छापली होती.

बोस्टनमध्ये 14 ऑगस्टला मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला गेला. बारा दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर अक्षरशः भिंती उघड्या पडेपर्यंत फोडलं. हा हिंसाचार होता आणि त्याला दुसरं नाव देण्याचं कारण नाही. गंमत म्हणजे हचिन्सन स्वतः या कायद्याच्या विरोधात होते. एकेका वसाहतीत मुद्रांक विक्रेते राजीनामे देत गेले आणि 1 नोव्हेंबर उजाडला तेव्हा मुद्रांक विकायला जवळपास कोणी उरलंच नव्हतं. ब्रिटिश माल न घेण्याच्या करारांमुळे लंडनचे व्यापारीही कासावीस झाले. मार्च 1766 मध्ये कायदा मागे घेतला गेला.

'पण रक्कम तर किरकोळ होती!'

हा आक्षेप अगदी रास्त आहे. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे ब्रिटनमधल्या माणसावर त्या काळात वर्षाला 26 शिलिंगांच्या आसपास कर पडत होता, तर वसाहतींत तो माणशी एका शिलिंगाच्या आसपास होता. मग एवढी आरडाओरड कशासाठी?

समजा, तुमच्या सोसायटीचा मेन्टेनन्स दरवर्षी सर्वसाधारण सभेत ठरतो. त्यातूनच मॅनेजरचा पगार होतो, म्हणून लिफ्ट बंद पडली की तो तुमचा फोन उचलतो. एक दिवस परगावी बसलेला बिल्डर कळवतो, की यापुढे प्रत्येक फ्लॅटकडून महिना दहा रुपये मी घेणार, सभेत विचारणार नाही आणि त्यातून मॅनेजरचा पगार मीच करणार. दहा रुपयांनी कोणाचं घर बुडत नाही. पण पुढच्या वेळी लिफ्ट बंद पडली तर मॅनेजर कोणाचं ऐकेल? आणि आज दहा देऊन बसलात, तर उद्या बिल्डरने शंभर मागितल्यावर काय सांगून नाकाराल?

वसाहतवाल्यांची भीती हीच होती आणि ती हवेतली नव्हती. स्टॅम्प ॲक्ट रद्द झाला त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा मंजूर केला: वसाहतींवर 'कोणत्याही आणि सर्व बाबतींत' कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. सुंभ जळाला, पीळ तसाच राहिला. लोक आतषबाजीत दंग होते, त्यामुळे या दुसऱ्या कायद्याकडे तेव्हा फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

'पार्लमेंट तर सगळ्यांचीच होती'

लंडनचा युक्तिवाद असा: पार्लमेंटचा सभासद फक्त आपल्या मतदारसंघाचा नसतो, तो साऱ्या साम्राज्याचं हित पाहतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतंत्र सभासद नाही, तरी ते कर भरतात. मग बोस्टनने का भरू नये? याला तेव्हा आभासी प्रतिनिधित्व म्हणत.

बोस्टनचे वकील जेम्स ओटिस यांनी यावर सरळ उत्तर दिलं: मँचेस्टर-बर्मिंगहॅमला प्रतिनिधी नसेल, तर तो मिळायला हवा. आणि खरंच, तेव्हाच्या ब्रिटनमध्ये ओल्ड सेरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीला दोन सभासद होते आणि भरभराटीच्या शहरांना एकही नव्हता.

मेरीलँडचे वकील डॅनिएल ड्युलनी यांचा मुद्दा मला त्याहून वजनदार वाटतो. बर्मिंगहॅमवर जो कर बसतो तोच तो मंजूर करणाऱ्या सभासदावरही बसतो, म्हणून तो हात राखून कर लावतो. अमेरिकेवर कर बसवला की त्याच सभासदाचा स्वतःचा कर कमी होतो. ज्याचा खिसा हलका होणार तो आणि ज्याचा जड होणार तो, यांचं हित एक कसं असेल?

मग पार्लमेंटमध्ये चार जागा देऊन प्रश्न सुटला असता का? नाही. ऑक्टोबर 1765 मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी स्पष्ट लिहून दिलं, की अंतर आणि परिस्थिती पाहता ब्रिटिश पार्लमेंटमध्ये आमचं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही. शेकडो सभासदांत मूठभर अमेरिकन बसले असते, तर प्रत्येक कराला 'तुमच्या संमतीने' असा शिक्का मिळाला असता. त्यांना हवं होतं ते एवढंच, की आमच्यावरचा कर आमच्या असेंब्लीने ठरवावा.

पगाराची चावी फिरली

1767 मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी दुसरी वाट काढली. वसाहतीच्या आतले व्यवहार सोडून बंदरात उतरणाऱ्या काच, शिसं, रंग, कागद आणि चहा या मालावर शुल्क लावलं. बंदरातल्या शुल्काला अमेरिकनांची हरकत नाही, असा लंडनचा समज झाला होता आणि तो व्हायला बेंजामिन फ्रँकलिन यांची पार्लमेंटमधली साक्षही थोडी कारणीभूत होती.

पण या कायद्याचा रोख होता खर्चाच्या कलमावर. गोळा होणाऱ्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार देता येणार होते. बर्नेट यांना जे जमलं नव्हतं ते आता असेंब्लीला वळसा घालून होणार होतं. पुन्हा बहिष्कार झाला, बोस्टनमध्ये सैन्य उतरलं, 5 मार्च 1770 रोजी गोळीबारात पाच जण मेले. योगायोग असा, की त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी चहा वगळून बाकीची शुल्कं काढण्याचा प्रस्ताव मांडला. चहावरचे पौंडी तीन पेन्स अधिकाराची खूण म्हणून मुद्दाम ठेवले गेले.

पुढची दोन-तीन वर्षं बरीच शांततेत गेली. ही शांतता मोडली तीही कराने नाही. एव्हाना मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झालेल्या हचिन्सन यांनी 1772 मध्ये जाहीर केलं, की आपला पगार यापुढे राजाकडून येईल. पाठोपाठ वरिष्ठ न्यायाधीशांचाही. नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहार समिती नेमली आणि गावोगावी पत्रं जाऊ लागली. पुढे बाकीच्या न्यायाधीशांनी राजाचा पगार नाकारला, सरन्यायाधीश पीटर ऑलिव्हर यांनी घेतला. 1774 मध्ये असेंब्लीने त्यांच्यावर महाभियोग चालवला, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या न्यायालयात ज्युरी म्हणून बोलावलेल्या बोस्टनच्या नागरिकांनी शपथच घ्यायला नकार दिला. खटले जागच्या जागी थांबले.

चहा, बंगाल आणि कंपनी

आता 1773 कडे येऊ. यात आपला थेट संबंध आहे. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, मिळाल्यावर ईस्ट इंडिया कंपनी ब्रिटिश सरकारला वर्षाला चार लाख पौंड देत होती. 1769-70 मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, तरी कंपनीची महसूलवसुली थांबली नाही. पण लष्करी खर्च, भागधारकांना वाटलेला भरमसाट नफा आणि 1772 चं लंडनमधलं आर्थिक संकट यांमुळे कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. तिच्या गोदामांत सुमारे 1 कोटी 70 लाख पौंड वजनाचा चीनचा चहा पडून होता.

तो खपवण्यासाठी टी ॲक्ट आला. आधी कंपनी लंडनमध्ये लिलाव करी आणि व्यापारी तो चहा अमेरिकेत नेत. आता कंपनी ब्रिटनमधलं शुल्क परत मिळवून, मधल्या व्यापाऱ्यांना डावलून, आपल्या निवडक अडत्यांमार्फत थेट विकणार होती. म्हणून चहा स्वस्त. फक्त अमेरिकेत उतरताना ते तीन पेन्स भरायचे होते. तेवढे काढून टाका, असं पार्लमेंटमध्ये सुचवलं गेलं होतं, पण नॉर्थ यांनी ऐकलं नाही.

स्वस्ताईच्या मोहाने लोक कर मान्य करतील, हीच वसाहतीतल्या नेत्यांची धास्ती होती. व्यापाऱ्यांचा आणि चोरटा माल आणणाऱ्यांचा स्वार्थही त्यात होता, तो लपवण्यात अर्थ नाही. पण बंगालची बातमीही तिथे पोचली होती. वकील जॉन डिकिन्सन यांनी टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात कंपनीने आशियात काय केलं ते सांगून, एका वर्षात पंधरा लाख माणसं भुकेने मेल्याचं ऐकिवात असल्याचा उल्लेख केला. अशी कंपनी आपल्या दारात नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला निघालेली जहाजं परत पाठवली गेली. बोस्टनमध्ये हचिन्सन यांनी जहाजांना शुल्क भरल्याशिवाय परत जाऊ दिलं नाही. त्यांची दोन मुलंच कंपनीचे अडते होती. वीस दिवसांत शुल्क भरलं नाही तर कस्टमला माल जप्त करता येई आणि ती मुदत 17 डिसेंबरला संपणार होती. आदल्या रात्री लोक जहाजांवर चढले. त्यांनी चहाखेरीज इतर मालाला हात लावला नाही. कोटाच्या अस्तरात चहा भरणाऱ्या एकाला त्यांनी स्वतःच पकडून चोप दिला.

उत्तर म्हणून 1774 मध्ये बोस्टन बंदर बंद झालं, मॅसॅच्युसेट्सची निवडलेली सल्लागार परिषद बरखास्त होऊन राजाची माणसं नेमली गेली आणि परवानगीवाचून गावाची सभा वर्षातून एकदाच घेता येईल असं ठरलं. या कायद्यांत नवा कर एकही नव्हता. तरी त्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतले शेतकरी हजारोंनी जमून न्यायालयं बंद पाडू लागले. एप्रिल 1775 मध्ये बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळ्या झाडल्या गेल्या आणि युद्ध पेटलं. त्याच्या महिनाभर आधी इकडे राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला होता.

'स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे हे तर गुलामांचे मालक'

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. लंडनचे सॅम्युअल जॉन्सन यांनी विचारलं होतं, की स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठ्याने ओरडणारे गुलामांना हाकणारेच का असावेत? वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख लोकसंख्येत पाचातला एक माणूस गुलाम होता. आक्षेप खरा आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी 1773 पासून असेंब्लीकडे अर्ज केले आणि त्यांत मालकांच्याच तोंडची हक्कांची भाषा वापरली. असेंब्लीने त्यांना मुक्ती दिली नाही. संमतीवाचून कर नको, हा विचार योग्यच होता, तो मांडणाऱ्यांनी त्याच्यापुढे कुंपण घातलं होतं.

तडजोड झाली, पण केव्हा?

4 जुलै 1776 च्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध 27 तक्रारी आहेत. संमतीवाचून कर लावल्याची तक्रार त्यांत सतरावी येते. न्यायाधीशांना पगार आणि नोकरीसाठी राजाच्या मर्जीवर अवलंबून ठेवलं, ही तक्रार तिच्या बरीच आधी, नवव्या क्रमांकावर आहे.

1778 मध्ये पार्लमेंटने अखेर कायदा करून महसुलासाठी अमेरिकेवर कर लावण्याचा हक्क सोडला. तेरा वर्षं मागितलेली गोष्ट मिळाली, पण तोवर अमेरिकनांनी फ्रान्सशी करार केला होता. लंडनचे दूत जूनमध्ये फिलाडेल्फियाला पोचले तेव्हा ब्रिटिश सैन्य शहर सोडण्याच्या तयारीत होतं. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, कळवलं: आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा सैन्य मागे घ्या, मग बोलू.

पुढे संविधान लिहिताना ही भांडणं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. कर आणि आयातशुल्क लावण्याचा अधिकार काँग्रेसला दिला गेला, महसुलाचं विधेयक लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहातच सुरू व्हावं असं ठरलं आणि संघराज्याच्या न्यायाधीशांचा पगार ते पदावर असेपर्यंत कमी करता येणार नाही, अशी तरतूद झाली. 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन अनेक देशांवर आयातशुल्क लावलं. भारतीय मालावर ते ऑगस्टअखेर 50 टक्क्यांवर गेलं. त्यांच्याविरुद्ध अमेरिकेतले छोटे आयातदार आणि काही राज्यं कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयात 5 नोव्हेंबरला सुनावणी झाली, तेव्हा शुल्क किती असावं हा प्रश्न नव्हताच. ते लावायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना काँग्रेसने दिला होता का, यावर तासन्‌तास युक्तिवाद झाला.